पुरवणी

मुख्य उत्तरपत्रिकेला पुरवणी बांधतात
पांढऱ्या दोऱ्याने.
गाठ सैलच बसते, शेवटच्या पाच मिनिटांत
कोण घट्ट बांधणार?
नऊ वर्षं मी वर्गावर्गांतून हे दोरे वाटते आहे.
आपणही कशाला तरी असेच अडकवलेलो,
हे लक्षात यायला नऊ वर्षं लागली.

तासिका तत्त्वावर,
म्हणजे अट्ठेचाळीस मिनिटांपुरती मॅडम.
सकाळी दिंडोरीत खडकांचे प्रकार,
दुपारी सिन्नरला पर्जन्यछाया,
मधे सीबीएसच्या फलाटावर
मांडीवरच्या डब्यात भेंडी.
जयंतीला तास नाही, पुण्यतिथीला नाही,
गॅदरिंगला नाही, परीक्षेला नाही.
थोरामोठ्यांच्या तारखा
माझ्याइतक्या कुणाला पाठ नसतील.

भौतिकशास्त्राचे पगारे सर
नव्या क्लार्कला स्वतःच सांगून टाकतात:
"आडनावात आहे तेवढाच."
फेब्रुवारीत त्यांचं बिल निघालं.
ते मागच्या फेब्रुवारीचं होतं.

येतो म्हणाले होते चाळीस.
म्हसरूळच्या पुढे, मिसळीच्या त्या बागेत
रविवारी जमलो अकरा.
निवेदन तयार होतं, मागण्या चार,
खैरनारने ऱ्हस्वदीर्घसुद्धा तपासलेलं.
मग पेन टेबलावर आलं
आणि सगळे एकदम रश्शात पाव बुडवू लागले.
जूनच्या यादीत
पहिल्या सहीचं नाव नसतं,
हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही.

आफ्रीन सय्यदचं पोर मागे झोक्यावर रडत होतं.
कुणीतरी म्हणालं, पुढच्या रविवारी बघू.

पगारे सरांनी आपली ताटली पुसली,
बॅगेतून एक कोरी पुरवणी काढली,
ताटली तिच्यावर पालथी घातली
आणि कडेने पेन्सिल फिरवली.
"वर्तुळाला पहिला बिंदू नसतो," म्हणाले,
वर्गात म्हणतात तसंच, फळ्याकडे बघत,
फक्त फळा नव्हता.
"कडेकडेने या."

आम्ही आलो. कागद फिरत गेला.
एका सहीवर तर्रीचा थेंब पडला,
तो तसाच ठेवला.

निकुंभ मॅडम उशिरा आल्या, स्कूटीवर.
कायम. पेन्शनला दोन वर्षं.
कायमवाल्यांची संघटना वेगळी, कार्यालय वेगळं,
चहाही आजवर वेगळा.
हेल्मेट काढून त्या उभ्याच राहिल्या:
"स्टाफरूममध्ये तुम्हाला खुर्ची
दाराजवळची देत आलो आम्ही.
मला वाटायचं, वाऱ्यासाठी."
कुणी हसलं नाही.
"या वेळी तपासणीचे गठ्ठे मी उघडणार नाही.
कुठे करू सही?"

जागा नव्हती. वर्तुळ भरलेलं.
शाई काही सरकत नाही,
तरी आफ्रीन आणि खैरनारच्या मधे
त्यांनी आपलं नाव इतकं बारीक लिहिलं
की चष्मा लावून वाचावं लागतं.

हेही सांगितलं पाहिजे:
कायमपैकी पाच जण तपासायला गेलेच.
नावं मला माहीत आहेत.
इथे लिहीत नाही,
त्यांच्यासाठीही कडेला जागा काढावी लागेल
कधीतरी.

गठ्ठ्यांच्या खोलीची किल्ली दोंदे मामांकडे.
त्यांनी दारात मला अडवून विचारलं,
"शिपायाची चालते का हो सही?"

सोमवारी प्राचार्यांनी कागद हातात घेतला.
डावीकडून वाचायला लागले, थांबले,
थोडा फिरवला,
आणखी थोडा फिरवला.
पहिलं नाव शोधताना
माणसाची मान किती वाकडी होते,
ते दाराच्या फटीतून आम्ही पाहिलं.

मग बेल झाली.
अट्ठेचाळीस मिनिटांची.
बाकाखाली तेरा जणांचे पाय हलले, सवयीने.
पायच हलले.